नावाड्याविना नाव आणि रडारची नजर

(हीरक महोत्सवी वर्षातील विज्ञान सप्ताहाच्या समारोपप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाची संहिता)



विज्ञान सप्ताहाचे शेवटचे भाषण मराठी शिकविणाऱ्या बाईंनी का करावे, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे कारण सांगते. पहिलीच्या प्रवेशाच्या दिवसांत एखादा पालक माझ्यासमोर बसतो. सुरतेच्या यंत्रमागावर आयुष्य घातलेला, गाव खानदेशातले, घरात अहिराणी. तो खालच्या आवाजात विचारतो, "बाई, मराठीत शिकून पोराला पुढची नवी यंत्रं कळतील का?" हा प्रश्न आमच्या शाळेच्या अस्तित्वाचाच आहे, परप्रांतातील प्रत्येक मराठी शाळेचा आहे. त्याला अभिमानाच्या घोषणांनी उत्तर देता येत नाही. म्हणून आज असे करायचे ठरविले, की अगदी आजचा एक विषय घ्यावा, ज्याची पाठ्यपुस्तके अजून नीट लिहिलीही गेलेली नाहीत, आणि तो मराठीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत सांगून पाहावा. जमले की नाही, हे तुम्ही ठरवायचे.

विषय असा : समजा एक नाव आहे आणि तिच्यावर नावाडी नाही. तिने समोरचे कसे पाहावे?

या प्रश्नाचे मूळ आपण समजतो त्याहून जुने आहे. जर्मनीत १८८१ साली जन्मलेला ख्रिस्तियान हुल्समायर नावाचा एक तरुण १९०० साली ब्रेमेन येथील शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाला. म्हणजे तो आमच्याच व्यवसायात यायचा होता! तेथील प्रयोगशाळेत त्याने हर्ट्झचे प्रयोग करून पाहिले. विद्युतचुंबकीय लहरी धातूच्या पत्र्यावर आदळून परत फिरतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आणि त्याच्या मनात विचार आला, की जहाजसुद्धा एक मोठा पत्राच नाही का? धुक्यात जहाजे एकमेकांवर आदळत, माणसे बुडत. शिक्षकी पेशाचे शिक्षण त्याने अर्धवट सोडले आणि १९०४ च्या मे महिन्यात कोलोन शहरी ऱ्हाइन नदीच्या काठी आपले यंत्र लोकांना दाखविले. नदीतून जहाज जवळ आले की घंटा वाजे. जहाज निघून गेले की घंटा थांबे. पुढच्याच महिन्यात हॉलंडमधील रॉटरडॅम बंदरात जहाज कंपन्यांच्या प्रतिनिधींसमोर पुन्हा प्रयोग झाला. यंत्राचे नाव टेलिमोबिलोस्कोप. तेव्हा त्याचे वय अवघे बावीस वर्षांचे.

कोणी ते विकत घेतले नाही. त्यात एक मोठी उणीव होती. घंटा वाजे खरी, पण जहाज किती दूर आहे हे ती सांगत नसे. 'काहीतरी आहे' एवढेच ज्ञान सुकाणूवरच्या माणसाला पुरत नाही. किती दूर, कोणत्या दिशेला, आणि जवळ येत आहे की लांब चालले आहे, हे कळल्याखेरीज सुकाणू कोणीकडे वळवायचे? पुढची शंभर वर्षे माणसे याच प्रश्नांची उत्तरे अधिकाधिक बारकाईने शोधत राहिली. 'रडार' हा शब्द तर फार उशिरा, १९४० साली, अमेरिकी नौदलात चार-पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून घडविला गेला. मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी एक गंमत : रडार हा शब्द उलटा वाचला तरी रडारच राहतो. जाऊन परत येणाऱ्या लहरीच्या यंत्राला याहून समर्पक नाव कोणी मुद्दाम शोधूनही दिले नसते.

आता दुसरे एक नाव घेते, ते तुम्हांला परिचित आहे. सर जगदीशचंद्र बोस. वनस्पतींच्या संवेदनांसाठी आपण त्यांना ओळखतो. पण त्याआधी, १८९० च्या दशकात, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी फार लहान लांबीच्या लहरी निर्माण केल्या होत्या, थेट पाच मिलिमीटरपर्यंत. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी अशा अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू उडवून दाखविली. ज्या मिलिमीटर लहरींचे रडार आज मोटारींच्या तोंडाशी आणि नव्या नावांच्या डोळ्यांशी बसविले जाते, त्या लहरींशी पहिला खेळ एका भारतीय शिक्षकाने खेळला. आणि या शिक्षकाचे पहिले शिक्षण कुठे झाले? वडील सरकारी अधिकारी असूनही त्यांनी मुलाला इंग्रजी शाळेत न घालता बंगाली शाळेत घातले. बोसांनीच पुढे एका भाषणात सांगितले आहे, की त्या शाळेत एका बाजूला वडिलांच्या मुसलमान सेवकाचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला एका कोळ्याचा मुलगा. प्रवेशाच्या वेळी येणाऱ्या पालकांना मी हे सांगते. ते हसतात, पण ऐकून घेतात.

लहान लांबीच्या लहरीचे एवढे महत्त्व का, ते पाहू. लहरीची वारंवारता जितकी उच्च, तितकी तिची लांबी कमी. कारण दोहोंचा गुणाकार म्हणजे प्रकाशाचा वेग, आणि तो बदलत नाही. दहावीच्या मुलांनी आकडे मांडून पाहावेत. मोठ्या जहाजावर डोलकाठीपाशी फिरणारी जी आडवी पट्टी दिसते, ते रडार बहुधा ९.४ गिगाहर्ट्झचे असते. लहरीची लांबी सव्वातीन सेंटिमीटरांच्या जवळपास. नव्या पिढीचे छोटे रडार ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. लहरीची लांबी चार मिलिमीटरांहून किंचित कमी, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी. आता नियम असा, की लहरींचा झोत किती निमुळता होईल हे अँटेनाची रुंदी लहरीच्या लांबीच्या किती पट आहे यावर ठरते. एका अंशाइतका निमुळता झोत हवा असेल तर जहाजाच्या रडारला दोन मीटरांहून रुंद पट्टी लागते. ७७ गिगाहर्ट्झच्या रडारला तुमच्या दप्तरातल्या तीस सेंटिमीटरांच्या फूटपट्टीहूनही कमी रुंदी पुरते. चार-पाच मीटरांच्या नावेवर दोन मीटरांची फिरती पट्टी कुठे बसवणार? फूटपट्टी मात्र कुठेही बसते.

येथे भाषेची शिक्षिका म्हणून थोडे विषयांतर करते. 'उच्च वारंवारता' हे नाव अभियंत्यांनी ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला दिले, तेव्हा तेच फार उच्च वाटत होते. मग त्यावर 'अतिउच्च', त्यावर 'परमोच्च' आणि त्याहीवर आणखी अशी विशेषणांची उतरंड रचावी लागली. गुणपत्रिकेत उत्तम, अत्युत्तम, सर्वोत्तम लिहीत सुटणाऱ्या शिक्षकासारखी त्यांची गत झाली. त्यामुळे 'उच्च वारंवारतेचे रडार' असे कोणी म्हटले, तर कोणते, हे आधी विचारावे. एक ज्वारीच्या दाण्याएवढ्या लहरीचे, नावेवर बसणारे. दुसरे किनाऱ्यावर उभे राहणारे, पाच-सहा बसगाड्यांच्या रांगेएवढ्या लांब लहरीचे. दुसऱ्याकडे मी नंतर येते, कारण ते आपल्या सुरतेच्या अगदी शेजारी आहे.

अंतर कसे मोजायचे? जुनी रीत आपल्या ओळखीची आहे. डोंगरापुढे उभे राहून हाक मारावी, प्रतिध्वनी येईपर्यंतचा वेळ मोजावा. रडार रेडिओलहरीचा छोटा ठोका देते आणि वाट पाहते. एका सेकंदाचा एक कोट्यंश भाग एवढा लहान ठोका दिला तरी तेवढ्या वेळात लहर तीस मीटर जाते, आणि जाण्यायेण्याचा हिशेब धरता पंधरा मीटरांच्या आत मागेपुढे असलेल्या दोन वस्तू एकच दिसतात. शिवाय ठोका देत असताना रडारला ऐकू येत नाही. म्हणून अगदी जवळचे त्याला दिसत नाही. महासागरात याने बिघडत नाही. पण अरुंद खाडीत, धक्क्याला लागताना, पंधरा मीटर म्हणजे सर्वस्व.

नव्या रडारची रीत वेगळी. ते ठोका देत नाही, मींड घेते. संगीताच्या वर्गात तुम्ही ऐकले आहे : षड्जावरून निघालेला सूर न तुटता वर सरकत निषादापर्यंत जातो. रडारही आपली वारंवारता अशीच अखंड वर सरकवत नेते आणि त्याच वेळी ऐकतही राहते. परत आलेला सूर थोडा आधीचा, म्हणून थोडा खालचा असतो. आत्ता गात असलेला सूर आणि परत आलेला सूर यांतील फरक मोजला की अंतर कळले. समजा पन्नास मायक्रोसेकंदांत वारंवारता एक गिगाहर्ट्झने वर सरकविली. तीस मीटरांवर असलेल्या नावेवरून सूर परत यायला ०.२ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या अवधीत आपला सूर चार मेगाहर्ट्झने वर गेलेला असतो. चार मेगाहर्ट्झचा फरक म्हणजे तीस मीटर. त्रैराशिक आहे, दुसरे काही नाही. मींड जितकी लांब पल्ल्याची, तितका बारकावा अधिक. एक गिगाहर्ट्झच्या मींडेने पंधरा सेंटिमीटरांच्या फरकाने असलेल्या दोन वस्तू वेगळ्या ओळखता येतात. मघाचे पंधरा मीटर आठवा आणि ताडून पाहा.

वेगाचे काम डॉप्लरच्या नियमाने होते. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा सूर चढा लागतो, दूर जाणाऱ्या गाडीचा उतरलेला, तसेच. ७७ गिगाहर्ट्झला सेकंदाला एक मीटर एवढ्या संथ गतीनेसुद्धा पाचशे हर्ट्झच्या वर फरक पडतो. जहाजी रडारच्या लहरीला तेवढ्याच गतीने साठ-पासष्ट हर्ट्झ पडतो. म्हणजे चालत्या माणसाच्या वेगाने वाहत येणारी होडीही लपत नाही. मात्र हा वेग फक्त आपल्या दिशेने येण्याजाण्याचा. आडवी जाणारी होडी या नियमाला स्थिरच वाटते. तिच्यासाठी दिशा पुनःपुन्हा मोजत राहावी लागते.

आणि येथे एक जुने शहाणपण उपयोगी पडते, जे दर्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. समोरच्या जहाजाची दिशा आपल्या नजरेतून बदलत नाही आणि ते मोठे मोठे होत चालले आहे, असे दिसले तर टक्कर ठरलेली. दिशा सरकत असेल तर ते पुढून किंवा मागून निघून जाईल. चौकात सायकल चालविताना तुम्ही हेच नकळत करता. नावाड्याविना नावेच्या संगणकाला हेच शिकविलेले असते, फक्त अंश आणि मीटर यांच्या भाषेत.

आता दोषही सांगितले पाहिजेत. एखाद्या यंत्राचे गुणच तेवढे सांगणाऱ्याला विक्रेता म्हणतात. मिलिमीटर लहरीची नजर लांब जात नाही. मोटारींवरचे असे रडार दोन-अडीचशे मीटरांपर्यंत भरवशाचे. मोठा पाऊस तिला क्षीण करतो. नाव लाटेवर वरखाली झाली की निमुळता झोत कधी आकाशाकडे पाहतो, कधी पायाखालच्या पाण्याकडे. लाटांचे माथेही प्रतिध्वनी देतात, आणि त्या गर्दीतून लाकडी होडी किंवा पोहणाऱ्याचे डोके वेचून काढणे कठीण. लोखंड जसे लखलखते तसे लाकूड आणि प्लास्टिक लखलखत नाही. आणखी एक चमत्कारिक गोष्ट : सपाट पाण्यावर एक लहर सरळ जाते, दुसरी पाण्यावरून परावर्तित होऊन जाते, आणि काही ठरावीक अंतरांवर त्या दोन्ही एकमेकींना खोडून टाकतात. डोळ्यांसमोरची वस्तू क्षणभर नाहीशी होते. म्हणून एकट्या रडारवर कोणी विसंबत नाही. सोबत कॅमेरे असतात, जे पाण्यावरच्या उन्हाच्या चकाकीने दिपतात. लेसरचे मापक असते, ते धुक्यात थकते. मोठी जहाजे आपले नाव-गाव स्वतः रेडिओवरून सांगत असतात, पण छोटा मच्छीमार सांगत नाही. प्रत्येकाच्या साक्षीत खोट आहे. चौघांच्या साक्षी जुळवून निर्णय द्यायचा.

आणि निर्णयाचीच खरी गोम आहे. २५ जुलै १९५६ च्या रात्री, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेस, इटलीचे आंद्रेया दोरिया आणि स्वीडनचे स्टॉकहोम ही दोन प्रवासी जहाजे समोरासमोर आली. समुद्रावर धुके होते. दोन्ही जहाजांवर रडार होते, दोन्ही रडार चालू होते, दोघांनीही एकमेकांना पुष्कळ आधी पाहिले होते. एकाला वाटले आपण उजव्या बाजूने निघून जाऊ, दुसऱ्याला वाटले डाव्या बाजूने. टक्कर झाली. ५१ माणसे दगावली. दुसऱ्या दिवशी सकाळी आंद्रेया दोरिया बुडाले. हुल्समायरला जे हवे होते ते सारे तेथे होते, तरी पडद्यावरच्या ठिपक्याचा अर्थ लावण्यात घात झाला. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत म्हणूनच बजावले आहे, की अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः रडारच्या अपुऱ्या माहितीवरून, अनुमाने बांधू नयेत. त्याच नियमांत दुसरे कलम आहे : प्रत्येक नौकेने सदैव डोळ्यांनी आणि कानांनी, तसेच उपलब्ध असलेल्या सर्व साधनांनी पहारा ठेवला पाहिजे. आता, ज्या नावेवर माणूसच नाही तिचे डोळे-कान कोणते? यंत्राचे पाहणे हे कायद्याच्या दृष्टीने पाहणे आहे का? टक्कर झाली तर जाब कोणाला विचारायचा, बांधणाऱ्याला, प्रणाली लिहिणाऱ्याला, की किनाऱ्यावर पडद्यापुढे बसलेल्याला? आंतरराष्ट्रीय सागरी संघटना यावर बरीच वर्षे खल करीत आहे. मला हा प्रश्न रडारच्या प्रश्नाहून अवघड वाटतो.

अशा नावा खरोखर आहेत का? आहेत. नॉर्वेतील ट्रॉन्हेम शहरात सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील विद्यापीठाने बांधलेली 'मिलिअँपिअर-२' नावाची छोटी विजेरी फेरीबोट शहरातल्या कालव्यावर लोकांसाठी चालविली गेली. कालवा अवघा शंभरेक मीटर रुंद. एका वेळी बारा प्रवासी. उद्वाहनाला बोलवावे तसे बटण दाबून बोलवायचे. एकेकाळी त्याच ठिकाणी वल्ही मारून नावाडी लोकांना पैलतीरी नेत असत. नव्या बोटीवर रडार, लेसरचे मापक, साधे आणि उष्णता पाहणारे कॅमेरे, सारे होते; आणि खबरदारी म्हणून एक माणूसही होता. त्याच वर्षी 'मेफ्लॉवर' नावाची पंधरा मीटरांची नौका माणसाविना इंग्लंडहून अटलांटिक ओलांडायला निघाली आणि ५ जून २०२२ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्सला पोहोचली. वाटेत तिला दोनदा मार्ग बदलावा लागला. नजर शाबूत होती. दगा दिला तो विजेच्या यंत्रणेने. आपल्या देशातही २९ ऑक्टोबर २०२४ रोजी 'मातंगी' ही पुण्यातील एका कंपनीने बनविलेली स्वयंचलित नौका मुंबईहून तुतिकोरीनकडे सुमारे १५०० किलोमीटरांच्या प्रवासाला सोडण्यात आली. संरक्षणमंत्र्यांनी दिल्लीहून तिला झेंडा दाखविला.

समोर बसलेल्या अनेक पालकांचे आयुष्य मागांवर गेले आहे, म्हणून त्यांच्या भाषेत एक गोष्ट विचारते. जुन्या साध्या मागावर ताण्यातला धागा तुटला की कामगाराच्या नजरेला दिसायला हवा. नाही दिसला तर कापडात दोष पडला. मग स्वयंचलित माग आले. प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लोंबत ठेवलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, वीज जोडली जाते आणि माग आपोआप थांबतो. एकेका कामगाराकडे मग पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक माग आले, आणि काहींच्या हातून माग गेलेही. ते तुम्ही सोसले आहे. मी नव्याने सांगायला नको. पण त्या यंत्राचे शहाणपण कशात आहे पाहा : शंका आली की थांबणे. जमिनीवर थांबलेले यंत्र निरुपद्रवी असते.

पाण्यावर तसे नाही. खंभातच्या आखातात उधाणाच्या भरतीला भावनगरच्या बाजूला पाणी दहा मीटरांच्या आसपास चढते-उतरते. ते सारे पाणी आखाताच्या तोंडातून आत-बाहेर धावते. प्रवाहाचा वेग सेकंदाला दोन मीटर धरला, तर शंका येऊन यंत्र बंद करून बसलेली नाव दहा मिनिटांत बाराशे मीटर वाहून गेलेली असेल, कुठल्या तरी खडकावर किंवा दुसऱ्या जहाजाच्या वाटेत. हजिऱ्याहून घोघ्याला जाणारी रो-रो फेरी २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि ३७० किलोमीटरांचा रस्ता ९० किलोमीटरांच्या पाण्यावर आला. तिने प्रवास केलेल्यांनी पाण्याची ती ओढ पाहिली असेल. तेथे 'थांबणे' म्हणजे प्रवाहाला तोंड देऊन जागच्या जागी उभे राहणे, आणि त्यासाठी यंत्र चालूच ठेवावे लागते. नावाड्याविना नावेला समोरचे दिसून भागत नाही. आपल्याखालचे पाणी कुठे निघाले आहे हेही कळावे लागते.

आणि येथे ते दुसरे, किनाऱ्यावरचे रडार येते. वांसी-बोरसी हे नवसारी जिल्ह्यातले नाव तुम्ही वस्त्रोद्योग उद्यानाच्या निमित्ताने ऐकले असेल. तेथे समुद्राकाठी चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने एक उच्च वारंवारतेचे रडार उभारले. त्याचे जोडीदार समोरच्या सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर जेगरी येथे. गुजरात, तामिळनाडू, आंध्र, ओडिशा आणि अंदमान येथे अशा पाच जोड्या २००८ ते २०१० या काळात बसविण्यात आल्या. त्यांची माहिती हैदराबादच्या महासागर माहिती केंद्राकडे जाते. हे रडार जहाज शोधायला नव्हे, पाणी वाचायला आहे. वारंवारता साडेचार मेगाहर्ट्झच्या आसपास. लहरीची लांबी सुमारे ६६ मीटर. अशी लहर समुद्रावरून पसरत गेली की तिच्या निम्म्या लांबीच्या, म्हणजे ३३ मीटर अंतराने येणाऱ्या सागरी लाटांवरून तिचे प्रतिध्वनी एकसुरात परत येतात. इतर लाटांचे प्रतिध्वनी एकमेकांत विरून जातात. १९५५ साली न्यूझीलंडमधील क्रॉम्बी या शास्त्रज्ञाने हे प्रथम ओळखले. खोल पाण्यात ३३ मीटरांच्या लाटेचा वेग किती असावा, हे भौतिकशास्त्र सांगते : सेकंदाला सात मीटरांच्या थोडे वर. डॉप्लरने मोजलेला वेग त्याहून कमी-जास्त आला, तर तो फरक लाटेचा नव्हे, तिला वाहून नेणाऱ्या प्रवाहाचा. एका रडारला फक्त आपल्या दिशेने येणारा-जाणारा भाग कळतो, म्हणून जोडी लागते. दोन किनाऱ्यांवरून दोघांनी पाहिले की प्रवाहाची खरी दिशा उमगते. किनाऱ्यावर बसून शेकडो चौरस किलोमीटर पाण्याची नाडी पाहणे, हे मला या साऱ्या विषयातले सर्वांत सुंदर कर्तब वाटते. मिलिमीटर लहरीच्या रडारचे कौतुक वर्तमानपत्रांत होते. या अबोल खांबांचे होत नाही.

या सप्ताहात नववीच्या एका मुलीने मला विचारले, "बाई, मग तांडेलांचं काय होणार?" तिच्या मैत्रिणीचे आडनावच टंडेल आहे, वलसाड-नवसारीच्या किनाऱ्यावर ते फार ऐकू येते. सुकाणू हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला, नाखवा फारसीतून; शब्दांसकट ही विद्या कित्येक शतके या किनाऱ्यावर नांदते आहे. मी तिला खोटा दिलासा दिला नाही. ठरलेल्या वाटेवरच्या फेऱ्या, बंदरातली मोजमापे, गस्त, यांतली काही कामे माणसांच्या हातून जातील. काही माणसे पाण्यावरून उठून किनाऱ्यावरच्या पडद्यापुढे बसतील, आणि एकेकाच्या नजरेखाली अनेक नावा असतील, जसे मागांचे झाले. पण रडारच्या बाबतीत एक गोष्ट मात्र पक्की आहे, ती मी तिला सांगितली. खारे पाणी रेडिओलहर गिळून टाकते. ७७ गिगाहर्ट्झची लहर पाण्याच्या कातडीखाली एक मिलिमीटरही धड जात नाही. तापीच्या मुखाशी आणि आखातात वाळूचे दांडे भरतीगणिक सरकत असतात. रडारला त्यांतला एकही दिसत नाही. त्यासाठी ध्वनीचे खोलीमापक लागते, आणि ते नावेच्या बुडाखालचे सांगते, पुढच्या वळणावरचे नव्हे. ओहोटीला पाण्याचा रंग कुठे बदलला, लाट कुठे अकारण फुटली, यावरून दांडा कुठे सरकला हे ओळखणारी माणसे अजून हजिऱ्यापासून दांडीपर्यंतच्या गावांत आहेत. त्यांची निरीक्षणे कोणी तारीख-वार, तिथी आणि जागेसह उतरवून ठेवली, तर ती या नावांना शिकविण्यासाठी आयती माहिती ठरेल. आणि ती माणसे इंग्रजीत बोलत नाहीत. या सुटीत त्यांच्याकडे वही घेऊन जायला कोण तयार आहे, त्यांनी उद्या मधल्या सुटीत मला कार्यालयात भेटावे. भरती-ओहोटीचे कोष्टक मी काढून ठेवले आहे.